नदीकांठचें घर आणि नावेचा धक्का

इंग्लंडांतील घरांच्या जाहिरातींत एक वाक्य वारंवार वाचावयास मिळतें : ‘नदीकांठचें घर, स्वतःच्या मूरिंगसह.’ मूरिंग म्हणजे नाव बांधून ठेवण्याची जागा. वाक्य लहान आहे. परंतु त्याच्या जोरावर त्या घराची किंमत रस्त्यापलीकडील तशाच घराहून पुष्कळ अधिक सांगितली जाते. जाहिरातीसोबत चित्र असतें. हिरवळ हळूहळू उतरत पाण्यापर्यंत गेलेली, तेथें लांकडी फळ्यांचा एक छोटा धक्का, धक्क्याला दोरानें बांधलेली पांढरी नाव, आणि पलीकडे झाडांच्या छायेंत पोहणारे हंस. असें चित्र पाहून ज्याचें मन हलणार नाहीं असा मनुष्य विरळा.

लंडन येथील महाराष्ट्र मंडळाची स्थापना १९३२ सालीं झाली. तेव्हांपासून आजपर्यंत तेथें स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांच्या दोन-तीन पिढ्या झाल्या. कोणी डॉक्टर आहेत, कोणी इंजिनियर, कोणी संगणकाच्या व्यवसायांत. लंडनच्या पश्चिमेस थेम्स नदीच्या आसपास घर पाहणारा एखादा मुलगा असें चित्र पुण्याला किंवा मुंबईला घरीं पाठवितो. आई विचारते, “पूर येतो का रे तेथें ?” वडील विचारतात, “कर्ज किती वर्षांचें ?” दोन्ही प्रश्न रास्त आहेत. पण तिसरा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं : ती नाव ज्या पाण्यावर उभी आहे तें पाणी, आणि त्या पाण्याखालचा गाळ, कोणाच्या मालकीचा ? आयुष्याची शिल्लक आणि पंचवीस वर्षांचें कर्ज ज्या व्यवहारांत गुंतावयाचें, त्याचें बरेंवाईट पुष्कळ अंशीं या तिसऱ्या प्रश्नावर अवलंबून असतें. नदीचें मूळ आणि ऋषीचें कूळ शोधूं नये अशी म्हण आहे. नदीकांठीं घर घेणाऱ्यानें ऋषीचें कूळ खुशाल सोडून द्यावें. नदीची चौकशी मात्र सोडूं नये.

प्रथम नदीचीच ओळख करून घेणें बरें. थेम्स ही सुमारें २१५ मैल लांबीची नदी. ग्लॉस्टरशायरमधील कॉट्सवोल्ड टेंकड्यांत ती उगम पावते आणि ऑक्सफर्ड, रेडिंग, विंडसर, लंडन अशीं गांवें घेत पूर्वेस समुद्राला मिळते. जेरोम के. जेरोम या लेखकाच्या १८८९ सालीं प्रसिद्ध झालेल्या विनोदी पुस्तकांतील तीन मित्र व त्यांचा कुत्रा याच नदीवर सहलीस निघाले होते. लंडनच्या वरच्या अंगास टेडिंग्टन नांवाचें ठिकाण आहे. तेथें नदीचे जणूं दोन भाग पडतात. टेडिंग्टनच्या वर नदी गोड्या पाण्याची असून तिचें पाणी बंधारे व ‘लॉक’ यांच्या साह्यानें पायरीपायरीनें अडविलेलें आहे. लॉक म्हणजे दोन दारांमधील पाण्याची कोठडी. नाव तींत शिरली कीं दार बंद करून पाणी चढवितात अथवा उतरवितात आणि नाव वरच्या किंवा खालच्या पातळीवर जाते. अशीं चाळीसांहून अधिक लॉक या भागांत आहेत. टेडिंग्टनच्या खालीं भरतीओहोटीचें राज्य सुरू होतें. लॉकपासून थोड्या अंतरावर खालीं कांठावर एक दगडी स्तंभ उभा आहे, तीच या दोन राज्यांची शीव.

ही शीव केवळ निसर्गाची नव्हे, अंमलाचीही आहे. वरच्या भागांतील नौकानयनाची व्यवस्था एन्व्हायरन्मेंट एजन्सी ही सरकारी संस्था पाहते. खालच्या सुमारें ९५ मैलांचा कारभार १९०९ सालीं स्थापन झालेल्या पोर्ट ऑफ लंडन ऑथॉरिटीकडे आहे. एकाच नदीच्या कांठीं, कांहीं मैलांच्या अंतरानें असलेल्या दोन घरांना दोन निराळे नियम लागूं होतात तें यामुळें. म्हणून घर पाहावयास जाणाऱ्यानें पहिली गोष्ट निश्चित करावी ती ही, कीं घर टेडिंग्टनच्या वर आहे कीं खालीं.

आतां मुख्य मुद्याकडे वळतां येईल. ‘स्वतःचें मूरिंग’ या दोन शब्दांत वस्तुतः चार निरनिराळ्या गोष्टी एकत्र बांधलेल्या असतात : कांठ, तळ, पाणी आणि परवाना. या चारही गोष्टी एकाच खरेदीखतानें हातीं येतात असा समज करून घेणें हीच सर्वांत महागाची चूक होय. त्या एकेक करून पाहाव्यात.

पहिली गोष्ट कांठ. घर नदीकांठचें आहे म्हणजे कांठ घरमालकाचा आहे, असें नेहमींच नसतें. पूर्वीं थेम्सवरील मालवाहू नावा घोडे ओढून नेत. ते घोडे कांठावरील एका वाटेनें चालत. घोडे गेले, वाट राहिली. ज्या कांठानें ती वाट जाते तेथें बाग आणि पाणी यांच्यामध्यें लोकांचा येण्याजाण्याचा हक्क आडवा पडलेला असतो. १९९६ सालीं उगमापासून लंडनपर्यंतचा पायीं चालण्याचा जो राष्ट्रीय मार्ग खुला झाला, तोही बऱ्याच ठिकाणीं या जुन्या वाटेवरूनच गेलेला आहे. वाटेपलीकडील चिंचोळी पट्टी घराच्या मालकीची आहे, कीं पूर्वींच्या एखाद्या मालकानें ती निराळी विकून टाकली आहे, हें डोळ्यांना दिसत नाहीं, कागदांत दिसतें. इंग्लंडांतील मालमत्तेची नोंद लँड रजिस्ट्रीमध्यें असते. परंतु तेथील नकाशावरची लाल रेषा ही सामान्यतः स्थूल सीमा दाखविते. ती इंचाइंचानें खरी मानावयाची नसते. ती रेषा पाण्यापर्यंत पोंचते कीं कुंपणापाशींच थांबते, एवढें तरी नकाशा समोर ठेवून पाहिलेंच पाहिजे.

दुसरी गोष्ट तळ, म्हणजे पाण्याखालची जमीन. इंग्लंडच्या कायद्यांत एक जुनें गृहीत आहे. भरतीओहोटी नसलेल्या नदीच्या कांठची जमीन ज्याची, त्याची मालकी पाण्याखालीं प्रवाहाच्या मध्यरेषेपर्यंत जाते, आणि समोरच्या कांठवाल्याची त्याच रेषेपर्यंत येते. महाराष्ट्रांतील श्रोत्याला ही कल्पना चमत्कारिक वाटेल. परंतु हें केवळ गृहीत आहे. जुन्या खतांत याविरुद्ध कांहीं लिहिलेलें आढळलें, किंवा तळ पूर्वींच दुसऱ्या कोणाला दिलेला असला, तर गृहीत गळून पडतें. शिवाय नदी स्थिर नसते. प्रवाह हळूहळू, कणाकणानें सरकला तर सीमाही त्याच्यासोबत सरकते. एखाद्या पुरांत प्रवाहानें अकस्मात् नवा मार्ग धरला तर सीमा जुन्या जागींच राहते. कायद्यानें येथें नदीचा स्वभाव ओळखला आहे असें म्हणावें लागतें.

टेडिंग्टनच्या खालीं हें गृहीत चालत नाहीं. भरतीच्या नद्यांचा तळ इंग्लंडांत मूळ राजसत्तेचा मानतात. थेम्सच्या बाबतींत तो हक्क एकोणिसाव्या शतकांत नदीची व्यवस्था पाहणाऱ्या मंडळाकडे गेला व पुढें पोर्ट ऑफ लंडन ऑथॉरिटीकडे आला. त्यामुळें तेथील बराचसा तळ आज त्या संस्थेच्या मालकीचा आहे. कालव्याच्या कांठच्या घरांची गोष्ट आणखी निराळी. इंग्लंड व वेल्समधील बहुतेक कालवे २०१२ सालापासून कॅनॉल अँड रिव्हर ट्रस्ट या संस्थेकडे आहेत. कालव्याचा तळ तिचा असल्यामुळें, स्वतःच्या बागेच्या टोकाला नाव बांधणाऱ्या गृहस्थालाही त्या संस्थेची संमति घ्यावी लागते आणि वर्षाची पट्टी भरावी लागते. बाग त्याची, खुंटी त्याची, दोर त्याचा. तरीही भाडें दुसऱ्याला. हें ज्याला खरेदीनंतर कळतें त्याचा उन्हाळा गोड जात नाहीं.

तिसरी गोष्ट पाणी. तळ कोणाचाही असो, वाहतें पाणी कोणाच्याच मालकीचें नसतें. थेम्सवर नावेनें जाण्यायेण्याचा हक्क सर्व लोकांना आहे. घरमालकाची मालकी मध्यरेषेपर्यंत असली तरी त्याला आपल्या घरासमोरून जाणारी दुसऱ्याची नाव अडवितां येत नाहीं, किंवा येण्याजाण्याची वाट बंद होईल इतका पुढें आलेला धक्काही बांधतां येत नाहीं. मात्र जाण्याचा हक्क निराळा आणि राहण्याचा हक्क निराळा. वाटेंत विसावा घेण्यापुरतें थांबणें हा प्रवासाचाच भाग समजतात. महिनोन्महिने एका ठिकाणीं नाव बांधून ठेवणें हा नव्हे. हाच नियम घरमालकाच्या उपयोगीही पडतो. परक्या माणसानें त्याच्या कांठाला नाव बांधून तेथेंच मुक्काम केला तर त्याला उठवितां येतें. मात्र त्याकरितां कांठ आपला आहे हें कागदानें सिद्ध करतां आलें पाहिजे.

या विषयांत किती बारकावे आहेत हें २०१३ सालच्या एका निकालावरून समजून येईल. लंडनच्या पश्चिमेस ब्रेंटफर्ड येथें, कालव्याच्या भरतीओहोटी असलेल्या भागांत, कांठावर हक्क असलेल्या एका गृहस्थानें आपल्या कांठाला नावा बांधल्या होत्या. कालव्याची व्यवस्था पाहणाऱ्या मंडळानें त्या हटविण्याच्या नोटिसा काढल्या. प्रकरण अपील कोर्टापर्यंत गेलें. कांठ आपला आहे एवढ्यामुळें कायमची नाव बांधण्याचा खास हक्क मिळत नाहीं, ही गोष्ट निकालांत स्पष्ट झाली. परंतु त्या ठिकाणीं नाव बांधण्यास मनाई करणारा नियमही नव्हता, आणि ज्या कृत्यास मनाई नाहीं तें बेकायदा म्हणतां येत नाहीं, म्हणून नोटिसा टिकल्या नाहींत. गृहस्थ जिंकला. परंतु नोटिशीपासून निकालापर्यंत किती वर्षें व किती जीव जातो, याचा विचार घर घेणाऱ्यानें करावा. कोर्टांत जिंकावा लागणारा हक्क आणि खरेदीच्या दिवशींच हातांत असलेला कागद, यांची किंमत एक नव्हे.

चौथी गोष्ट परवाना. आणि बहुतेक घोंटाळा येथेंच होतो. टेडिंग्टनच्या वर नदींत धक्का, खांब किंवा फळ्यांचें व्यासपीठ ठेवावयाचें तर एन्व्हायरन्मेंट एजन्सीचा परवाना लागतो. खालीं पोर्ट ऑफ लंडन ऑथॉरिटीचा. नवें बांधकाम असेल तर स्थानिक कौन्सिलची परवानगी आणि पुराच्या दृष्टीनें द्यावयाची निराळी मंजुरी, यांचीही गरज पडूं शकते. नाव बांधणें एक आणि नावेंत बिऱ्हाड करणें दुसरें. धक्क्याच्या परवानगीनें नावेंत राहण्याची परवानगी मिळत नाहीं. खुद्द नावेची नोंदणी, तिचा विमा आणि ती सुरक्षित असल्याचा दाखला, हा खर्च आणखी वेगळा.

यांत ध्यानांत ठेवण्यासारखें असें कीं, परवाना ही जमीन नव्हे. जमीन विकली कीं ती विकत घेणाऱ्याची होते. परवाना मात्र पुष्कळदां ज्याच्या नांवाचा त्याच्यापुरताच असतो, आणि नव्या मालकाला तो आपल्या नांवावर करून घ्यावा लागतो. जुन्या मालकानें परवाना काढलाच नसेल, किंवा त्याची वार्षिक फी कित्येक वर्षें थकविली असेल, तर सुंदर दिसणारा तो धक्का म्हणजे नव्या मालकाच्या गळ्यांतील लोढणें ठरतें. सदनिकांच्या संकुलांत आणखी एक प्रकार आढळतो. तेथें धक्का सगळ्या संकुलाचा असतो आणि प्रत्येक रहिवाशाला त्यांतील एक जागा ठराविक मुदतीच्या पट्ट्यानें दिलेली असते. घराच्या पट्ट्याचीं शंभर वर्षें शिल्लक असतील आणि नावेच्या जागेचीं पांचच. दोन्ही मुदती निरनिराळ्या विचाराव्या लागतात.

कागद बिनचूक निघाले म्हणजे सर्व झालें असेंही नाहीं. नाव कागदावर तरंगत नाहीं. धक्क्यापाशीं पाणी किती खोल आहे, आणि कोरड्या उन्हाळ्यांत तें किती उरतें, हें पाहावें. नावेचा पाण्याखालीं बुडणारा भाग त्याहून कमी असला पाहिजे. तसेंच वरचेंही पाहावें. ऑक्सफर्ड येथें ऑस्नी नांवाचा एक पूल आहे. त्याच्याखालीं नेहमींच्या पाण्यांत जेमतेम साडेसात फुटांची मोकळी जागा असते. त्या पुलाच्या वरच्या अंगास कोणीं कितीही प्रशस्त धक्का घेतला तरी उंच नाव तेथवर पोंचूंच शकत नाहीं. धक्का मोठा, पण नाव लहानच हवी, अशी ती स्थिति.

भरतीच्या भागांत दुसरी अडचण. लंडन शहरांत मोठ्या भरतीच्या दिवशीं पाणी ७ मीटरपर्यंत चढतें आणि तितकेंच उतरतें. सकाळीं डौलानें तरंगणारी नाव दुपारीं चिखलांत बसलेली दिसते. तळ सपाट असलेली नाव हें सोसते. खालीं टोंकदार कणा असलेली कलंडते. रिचमंड येथें १८९४ सालीं जी ओहोटीचें पाणी अडविणारीं दारें बांधलीं, त्यांच्यामुळें तेथून टेडिंग्टनपर्यंतच्या भागांत पाणी अगदींच आटत नाहीं. म्हणून खालच्या भागांतील घर पाहावयाचें तें दोनदां पाहावें : एकदां पूर्ण भरतीला आणि एकदां पूर्ण ओहोटीला. विक्रेता बहुधा भरतीच्या वेळेलाच बोलावितो.

आणि मग आईचा प्रश्न : पूर येतो का रे तेथें ? येतो. मार्च १९४७ मध्यें साऱ्या हिवाळ्याचें बर्फ एकदम वितळलें, त्यांतच पाऊस झाला आणि थेम्सच्या खोऱ्यांतील गांवेंच्या गांवें पाण्यांत गेलीं. २०१४ सालच्या जानेवारी-फेब्रुवारींत डॅचेट, रेझबरी, स्टेन्स, चर्ट्सी या भागांत पाणी घरांत शिरलें. मेडनहेड, विंडसर व ईटन यांच्या रक्षणासाठीं सुमारें ७ मैलांचा एक कृत्रिम प्रवाह खोदून २००२ सालीं पुरा करण्यांत आला. त्याला ज्युबिली नदी म्हणतात. त्यानें वरच्या गांवांना दिलासा मिळाला. परंतु तोच प्रवाह जेथें पुन्हां थेम्सला मिळतो त्याच्या खालच्या गांवांतील लोकांनीं, आपल्याकडे पाणी अधिक येऊं लागल्याची तक्रार २००३ सालच्या पुरानंतर केली. पाण्याला एका दारांतून बाहेर काढलें कीं तें दुसरें दार ठोठावतें. म्हणून आपल्या गांवाचा बंदोबस्त पाहून भागत नाहीं; वरच्या गांवाचाही पाहावा लागतो.

एन्व्हायरन्मेंट एजन्सीच्या पुराच्या नकाशांत नदीपासून सर्वांत अधिक धोक्याचा जो पट्टा दाखवितात, तेथें संरक्षक बांध जमेस न धरतां कोणत्याही एका वर्षीं पूर येण्याचा संभव शेंकडा १ किंवा त्याहून अधिक असतो. यालाच बोलण्यांत ‘शंभर वर्षांतून एकदां येणारा पूर’ म्हणतात, आणि या शब्दांनीं पुष्कळांची फसगत होते. मागच्या वर्षीं पूर येऊन गेला, आतां नव्व्याण्णव वर्षें निश्चिंती, असा त्याचा अर्थ नव्हे. दर वर्षीं नव्यानें शंभर चिठ्ठ्या टाकावयाच्या आणि त्यांतील एकीवर ‘पूर’ असें लिहिलेलें असावयाचें, असा त्याचा अर्थ आहे. एका वर्षीं सुटण्याचा संभव शंभरांत ९९. पंचवीस वर्षें लागोपाठ सुटण्याचा संभव काढावयाचा तर ०·९९ ही संख्या पंचवीस वेळां मांडून गुणावयाची. उत्तर सुमारें ०·७८ येतें. म्हणजे पंचवीस वर्षांचें कर्ज फिटेपर्यंत निदान एकदां तरी तसा पूर येण्याचा संभव शेंकडा २२, पांचांत एकाहून अधिक. वडिलांचा कर्जाचा प्रश्न आणि आईचा पुराचा प्रश्न असे एकाच गणितांत येऊन मिळतात.

पुराचा विमा उतरवितां येतो; पण तेथेंही बारकावा आहे. पुराचा धोका असलेल्या घरांचा विमा परवडावा म्हणून इंग्लंडांत २०१६ सालीं ‘फ्लड री’ नांवाची योजना सुरू झाली. ती २०३९ सालापर्यंत चालावयाची आहे. १ जानेवारी २००९ नंतर बांधलेल्या घरांना मात्र तिचा लाभ मिळत नाहीं. धोक्याच्या जागीं नवीं घरें बांधण्यास उत्तेजन मिळूं नये हा त्यांतील हेतु. म्हणजे जुन्या घराला जो आधार आहे तो शेजारच्या नव्या कोऱ्या घराला नाहीं. आणि २०३९ साल पंचवीस वर्षांच्या कर्जाच्या मुदतींतच येतें, हेंही विसरूं नये.

पुरांत धक्क्याची स्थिति काय होते, हें जुन्या कांठवाल्यांना ठाऊक असतें. दोर आंखूड बांधला तर चढत्या पाण्यांत नाव एका बाजूनें खालीं खेंचली जाऊन बुडते. सैल बांधला तर नाव तरंगत हिरवळीवर येते आणि पाणी ओसरल्यावर तेथेंच राहते. म्हणून समजदार मनुष्य धक्क्याला उंच खांब लावतो आणि त्यांवर वरखालीं सरकणारीं कडीं बसवितो. हिवाळ्यांत प्रवाहाला जोर असला म्हणजे लॉकपाशीं तांबडे फलक लागतात. त्यांचा अर्थ, नाव बाहेर काढूं नये. असे आठवडे वर्षांतून बरेच येऊं शकतात. शिवाय कांठ ढांसळूं नये म्हणून लांकडाच्या किंवा लोखंडी पत्र्यांच्या भिंती घातलेल्या असतात. त्या कुजतात, गंजतात, झुकतात. आणि कांठ ज्याचा, दुरुस्ती त्याची. पाण्याचा प्रवाह निर्वेध जाऊं देणें, त्यांत कचरा पडूं न देणें, वरून येणारें पाणी आपल्या जागेंतून जाऊं देणें, हीं कर्तव्येंही कायद्यानें कांठवाल्याच्याच माथीं आहेत. कांठाचा मालक हा असा अर्धा नदीचा चाकर असतो.

हें सर्व ऐकून महाराष्ट्रांतील श्रोत्याच्या मनांत तुलना येणारच. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ हिच्या कलम २० अन्वयें, खाजगी मालकी सिद्ध झाली नसेल तर, नद्या, ओढे, नाले व त्यांचे तळ हे शासनाचे आहेत. मध्यरेषेपर्यंतच्या मालकीचें तें इंग्रजी गृहीत इकडे धरून चालतां येत नाहीं. मुळा-मुठेच्या किंवा कृष्णेच्या कांठीं जमीन घेणाऱ्याला कांठ मिळतो, पात्र मिळत नाहीं. कोंकणांतील व गोव्यांतील खाड्यांच्या कांठीं किनारा-नियमन क्षेत्राचे नियमही लागूं होतात. आणि धक्का बांधावयाचा तर महाराष्ट्रांत मेरीटाइम बोर्ड व गोव्यांत कॅप्टन ऑफ पोर्ट्स यांच्या कचेऱ्यांची वाट धरावी लागते. पुराच्या बाबतींत इकडे दोन रेषा आंखतात : सामान्यतः पंचवीस वर्षांतून एकदां येणाऱ्या पुराची निळी आणि शंभर वर्षांतून एकदां येणाऱ्या पुराची तांबडी. वर केलेलें गणित या दोन्ही रेषांना जसेंच्या तसें लागूं पडतें. निळ्या रेषेवर दर वर्षींचा संभव शेंकडा ४ असतो. पंचवीस वर्षांत तो शेंकडा ६४ च्या घरांत जातो. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटून पुण्यांत जें पाणी आलें तें तर कोणत्याच रेषेच्या हिशेबांत नव्हतें. ज्या घरांनीं तें पाणी पाहिलें आहे त्यांना नदीचा हक्क काय असतो हें वेगळें सांगावयास नको.

तर मग नदीकांठीं घर घेऊंच नये कीं काय ? असें मुळींच नाहीं. हजारों कुटुंबें थेम्सच्या कांठीं सुखानें राहतात. तीं सुखी आहेत, कारण त्यांनीं विसार देण्यापूर्वीं प्रश्न विचारलेले असतात. नदीच्या कामाचा अनुभव असलेला सॉलिसिटर गांठावा. त्याला चार निरनिराळे कागद मागावेत : कांठाची मालकी, तळाची मालकी, धक्क्याचा परवाना, आणि त्या परवान्याच्या नांवबदलाची लेखी हमी. विक्रेत्याकडून मागील पांच-सात वर्षांच्या फीच्या पावत्या घ्याव्यात. कांठाच्या भिंतीची पाहणी त्या विषयांतील जाणत्याकडून करवून घ्यावी. घराची पाहणी करणारा पुष्कळदां पाण्याच्या कडेशीं येऊन थांबतो. विम्याचा आंकडा खरेदीनंतर नव्हे, आधीं मागावा. घर जूनमध्यें आवडलें असेल तर जानेवारींत पुन्हां पाहावें. आणि शेजारच्या वृद्ध गृहस्थाला एकच विचारावें : १९४७ सालीं नाहीं तरी २०१४ सालीं पाणी कोठपर्यंत आलें होतें ? तो बहुधा भिंतीवरची खूण दाखवील. ती खूण कोणत्याही नकाशाहून बोलकी असते.

एवढें करून जर ‘स्वतःचें मूरिंग’ हें खरोखरच स्वतःचें निघालें, तर किंमत थोडी अधिक पडली तरी ती सार्थकीं लागेल. तें तसें न निघालें, तर घर तेंच असेल, हिरवळ तीच असेल, हंसही तेच असतील. फक्त नावेच्या जागेसाठीं मागितलेली वाढीव किंमत देण्याचें कारण उरणार नाहीं. मुलानें घरीं पाठविलेल्या चित्राखालीं आईनें व वडिलांनीं आपले दोन प्रश्न लिहावेत आणि त्यांच्याखालीं हा तिसरा लिहून चित्र परत पाठवावें. उत्तर कागदासह येईपर्यंत विसाराचा पैसा बँकेंतच असूं द्यावा. नदी कोठें जात नाहीं.